मोटारसायकलचा सायलेन्सर घरी बदलावा की गॅरेजमध्येच न्यावा?

बारा_नंबरचा_पाना:
खालून सडलेला सायलेन्सर काढून कंपनीचाच नवा बसवायचा असेल तर ते घरच्या अंगणात होणारं काम आहे, आणि माझ्या मते घरीच करावं. गॅरेजमध्ये गर्दीच्या वेळी दोन गोष्टी सुटतात: जुनं पॅकिंग (सांध्यात दबून बसणारी सीलची कडी) तसंच राहतं आणि नट हाताला येतील त्या क्रमाने कसले जातात. पुढचा बहुतेक त्रास याच दोन गोष्टींतून होतो.

आधी सडतो का ते पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. सायलेन्सर पूर्ण तापला तर ते वाफ होऊन निघून जातं. नागपुरात धरमपेठेतून बर्डी आणि परत, एवढंच रोज चालणाऱ्या गाडीत ते मागच्या कप्प्यात साचतं आणि पत्रा आतून खातं. म्हणूनच बऱ्याच सायलेन्सरना खाली बारीक भोक दिलेलं असतं. ते लीक समजून वेल्डिंगने बुजवणारे लोक आहेत. कृपा करून बुजवू नका, तारेने मोकळं ठेवा.

काम गाडी थंड असतानाच करायचं. मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी बंद असूनही हात भाजते, तेव्हा सकाळी सहाला बसलेलं बरं. आदल्या रात्री क्लॅम्पचा (पाइपचा सांधा आवळणाऱ्या पट्ट्याचा) बोल्ट, फुटरेस्टजवळचा मोठा बोल्ट (म्हणजेच मागचा बोल्ट) आणि बेंड पाइपचे (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाइपचे) दोन नट यांच्यावर गंज सोडवायचं तेल मारा. त्याआधी उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर तेल आत जातच नाही. जो पाइप काढायचा त्यावर ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल तर त्याचं कनेक्टर सगळ्यात आधी काढा. पाइपसोबत वायर ओढली गेली की सेन्सर गेला.

सायलेन्सर क्लॅम्पने जोडलेला असेल तर इंजिनाकडच्या नटांना हात लावायचं कारण नाही. क्लॅम्प ढिला करा, मागचा बोल्ट काढा, सायलेन्सर डावी-उजवीकडे पिळत मागे ओढा. ठोकायची वेळ आली तर मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा. दोन सायलेन्सरच्या गाडीला एक बाजू पूर्ण बसवल्यावरच दुसरी उघडा, म्हणजे वायसर आणि बुश कुठे होते ते पाहायला नमुना समोर राहतो. बेंड आणि सायलेन्सर एकसंध असेल तर पुढचे नट सोडावेच लागतात. ते आधी, मागचा बोल्ट शेवटी, तोही खाली विटा रचून. उलट केलं तर सगळं वजन दोन स्टडवर (ज्यांवर पुढचे नट बसतात त्या आटेदार सळ्यांवर) लटकतं.

बसवताना इंजिनाच्या हेडमधलं (सिलिंडरच्या वरच्या भागातलं) जुनं पॅकिंग शोधा. ते काळपट होऊन असं चिकटलेलं असतं की हेडचाच भाग वाटतं. बोथट स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने उचकटून काढा, त्याच्यावरच नवं चढवू नका. मग सगळे नट-बोल्ट आधी फक्त बोटांनी लावा. पुढचे दोन नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा कसा, दोन्हीकडची फट सारखी राहिली पाहिजे. त्यानंतर क्लॅम्प, आणि मागचा बोल्ट शेवटी. मागचा आधी कसला तर पाइप ताणात बसतो, कॉलर तिरकी राहते, पुढून फट्-फट् आवाज येतो आणि कालांतराने ब्रॅकेट वेल्डजवळ तडकतो. स्टार्ट करण्याआधी क्रोम स्पिरिटने पुसा. बोटांचे ठसे एकदा भाजले की निघत नाहीत.

हेलिकॉइल:
क्रम बरोबर लिहिलात भाऊ, पण पुढचे नट "सोडावेच लागतात" एवढं म्हणून पुढे गेलात. काम नेमकं तिथेच अडते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सहा किंवा आठ एमएमचे पोलादी स्टड असतात. दहा वर्षं तापून-थंड होऊन नट आणि स्टड एकजीव होतात. जोर दिला की तीनपैकी एक होतं. नट सुटतो, किंवा नटासोबत अख्खा स्टड बाहेर येतो, किंवा स्टड हेडच्या तोंडाशी तुटतो. दुसरं झालं तर काळजी नाही, नवा स्टड लावा. तिसरं झालं तर घरचं काम तिथेच संपलं.

आणि मग लोक ईझी-आउट (तुटका स्टड उलट फिरवून काढायचं हत्यार) आणतात. सहा एमएमच्या तुकड्यात घातलेला तो बारीक ईझी-आउट कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. तुटका भाग थोडा बाहेर असेल तर त्याच्यावर नट वेल्ड करून फिरवणं हा खरा उपाय, कारण वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. तोंडाशी सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यभागी ड्रिल आणि हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). हातात धरलेलं ड्रिल ॲल्युमिनियमकडे सरकते, आणि हेड उतरवायची वेळ येते. आठ-दहा वर्षं जुनी, एकसंध पाइपची गाडी घरी उघडूच नये. जिथे वेल्डिंग आहे अशाच गॅरेजमध्ये न्या.

बारा_नंबरचा_पाना:
धोका मान्य, पण "उघडूच नये" मान्य नाही. स्टड तुटण्याआधी हाताला सांगतो. नट आधी किंचित कसायच्या दिशेने हलवा, मग सोडा. बारा कोनी नव्हे, सहा कोनी गोटी पाना वापरा. नट पाव फेरा सुटून अडला तर परत कसा, तेल मारा, पुन्हा सोडा. फिरताना रबर पिळल्यासारखं वाटलं तर नट सुटत नसून स्टड पिळून राहिला आहे. तिथेच थांबा. तोवर काहीच बिघडलेलं नसतं, गाडी चालवत गॅरेजला नेता येते.

एवढं मात्र तुमच्या बाजूने: नट सुटावा म्हणून घरी गॅसची ज्योत लावू नका. वर पेट्रोलची टाकी आहे, आणि जुन्या कार्बोरेटरमधून थेंब गळत असतात.

हिंगणा_रोड:
दोघंही कंपनीचाच माल धरून बोलून राहिले. काहून? कंपनीचा सायलेन्सर जड आणि महाग. क्लॅम्पवर बसणारा बाहेरचा स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर हलका असतो, आतून इतक्या लवकर सडत नाही, आणि डीबी किलर (तोंडात बसणारी, आवाज दाबणारी नळी) लावून ठेवला तर आवाज बेताचा राहतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारी जाळी) बेंड पाइपमध्ये असलेल्या गाडीत तो बदलल्याने जाळीला धक्काही लागत नाही. काम अर्ध्या तासाचं. स्टडचा प्रश्नच येत नाही.

धंतोली_चौक:
अर्ध्या तासाचं काम आहे म्हणून ते रास्त ठरत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १९०(२) आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकासाठी कलम १८२अ वेगळं आहे.

कारखान्यातून निघताना दुचाकीला आवाजाची मर्यादा आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. चाचणीत धावत्या गाडीचा आवाज साडेसात मीटरवरून मोजतात. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. डीबी किलर एका बोल्टवर असतो. आज लावलेला उद्या पाच मिनिटांत निघतो, आणि विकत घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्याला लागून दवाखाना आहे, आणि दवाखान्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्रात येतो. रात्री अकराला तिथून इंदोरी (आतून पोकळ, मोठ्या आवाजाच्या) सायलेन्सरची बुलेट गेली की वॉर्डातला प्रत्येक रुग्ण जागा होतो. यात मला मध्यममार्ग दिसत नाही.

हिंगणा_रोड:
इंदोरीची बाजू मी घेतलेलीच नाही. तो पोकळ पाइप, त्याची जागा भंगारात. माझा मुद्दा चांगल्या बनावटीच्या सायलेन्सरचा आहे, आणि डीबी किलर कायमचा रिव्हेट करून टाकता येतो.

हेलिकॉइल:
रिव्हेट केला तरी तो सायलेन्सर तुमच्या मॉडेलच्या मंजुरीत नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न तसाच उरतो. आणि इंजिनाची बाजू पाहा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या मानकाच्या) गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल ठरवतो. सेन्सरच्या आधीच्या किंवा लगतच्या सांध्यातून बाहेरची हवा ओढली गेली की सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात. बाहेरच्या सायलेन्सरचा व्यास अर्धा एमएम मोठा असला की लोक फट सिलिकॉनने भरतात. त्याच्या वाफांनी सेन्सर खराब होतो. अशा ठिकाणी ग्राफाइटचं योग्य मापाचं बुश (सांध्यातली कडी) हवं, ते मिळत नसेल तर तो सायलेन्सर तुमच्या गाडीचा नाही.

राजदूत_येझ्दी:
जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडं. येझ्दीला एका सिलिंडरवर दोन सायलेन्सर आहेत, ते सडण्याआधी बहुतेकदा काजळीने बुजतात. गाडी ओढत नाही म्हणून लगेच बदलू नका. मागचा बॅफल (सायलेन्सरच्या आतली, आवाज अडवणारी नळी) काढा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, हातमोजे आणि चष्मा घालून. ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका, सोडा ते खातो. बॅफल काढून गाडी चालवणाऱ्यांना जोर वाढल्याचा भास होतो तो आवाजामुळे. टू-स्ट्रोकमध्ये पाइपमधून परत येणारी लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते, आतली मापं बदलली की कमी आरपीएमची ओढ जाते.

धंतोली_चौक:
२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांपैकी बऱ्याच आजही त्याच सायलेन्सरवर चालत असतील. त्यांनी पाहायचं कसं?

बारा_नंबरचा_पाना:
सायलेन्सर थंड असताना रबरी हातोडीने खालून हलकं ठोका. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद वाजतो, आणि आत गंजाचे पापुद्रे खुळखुळतात. मग गाडी सुरू करून मागचं तोंड जाड ओल्या फडक्याने दोन-तीन सेकंद दाबा. पाणी जायच्या भोकातून फुसफुस येणारच, बाकी कुठूनही आली तर जागा सापडली. एकच बारीक भोक असेल आणि भोवतीचा पत्रा टणक असेल तर वेल्डरकडून ठिगळ चालतं. बोटाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर ठिगळाच्या कडेलाच नवं भोक पडतं, नवाच घ्या. नवा बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना, सगळे नट पुन्हा तपासा. नवं पॅकिंग दबून थोडं ढिलं होतंच. कसायचा जोर (टॉर्क) आठ एमएमच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, सहाला १० च्या आसपास. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

हेलिकॉइल:
टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने कसायचा पाना) नसेल तर सहाच्या स्टडला लांब दांड्याचा पाना लावू नका. छोटा रिंग पाना, मनगटाचा जोर, बस.