मेदप्रेमी की मेदावलंबी? कातडीवरच्या यीस्टसाठी शब्द हवाय

कातडीवर राहणाऱ्या मॅलॅसेझिया यीस्टवर मराठीत लिहितेय. लिपोफिलिक (मेद आवडणारं) आणि लिपिड-डिपेंडंट (मेदावाचून न भागणारं) हे दोन शब्द सारखे येतात, दोन्हीला 'मेदप्रेमी' लिहिलं तर बिघडेल का? आणि लिपिडला मेद, वसा, चरबी यातलं काय घेऊ?

> बिघडेल, कारण हौस वेगळी आणि गरज वेगळी. मॅलॅसेझिया ग्लोबोसाचा जीनोम २००७ मध्ये आला तेव्हा दिसलं की त्यात फॅटी ॲसिड सिंथेसचा जीनच नाहीये, म्हणजे मेदाम्लं घरी बनवायची सोयच नाही, मग लायपेझ हे मेद फोडणारं एन्झाइम बाहेर सोडायचं, सीबममधली, म्हणजे त्वचेच्या तेलातली, ट्रायग्लिसराइड्स फोडायची आणि सुटलेली मेदाम्लं उचलायची. त्यातही सॅच्युरेटेड आधी उचलतात, ओलेइकसारखी अनसॅच्युरेटेड टाळूवरच राहतात आणि ज्यांना ती सोसत नाहीत त्यांना खाज, कोंडा. म्हणून मेदावलंबी. लिपिडला मेद घे, 'मेदाम्ल' शाळेपासून ओळखीचं आहे त्यामुळे जुळतं. चरबी नको, वाचणारा थेट पोटावर जातो.

>> पण कुत्र्याच्या कानात सापडतं ते पॅकिडर्माटिस, मॅलॅसेझियाचीच एक जात? स्लाइडवर भुईमुगाच्या शेंगेसारख्या पेशी दिसतात ते. ते तर साध्या साबुराँ अगारवर (लॅबमध्ये बुरशी वाढवायचं माध्यम) तेल न घालता वाढतं, जुन्या पुस्तकांत नॉन-लिपिड-डिपेंडंट म्हणूनच दिलंय. त्याला मेदनिरपेक्ष म्हणायचं का?

>>> अजिबात नको! तो जीन त्याच्याकडेही नाहीये, फक्त अगारमधल्या पेप्टोनमध्ये (अर्धवट पचवलेली प्रथिनं) जी थोडीफार मेदाम्लं असतात त्यावर त्याचं भागतं. मॅलॅसेझिया फर्फर या जातीचं तेवढ्यावर भागत नाही, त्याला प्लेटवर ऑलिव्ह ऑइल ओतावं लागतं. तेव्हा 'वरून तेल न घालता वाढणारं' असं सरळ लिहा, लांब झालं तरी चालेल पण खोटं नको.

> थोडं अवांतर, पण या धाग्यात हवंच. या यीस्टचं जुनं नाव पिटिरोस्पोरम, त्यातला ग्रीक पिटिरॉन म्हणजे धान्याचा कोंडा, आणि आपल्याकडेही गव्हाचा कोंडा नि डोक्यातला कोंडा एकच, किती छान जुळलंय! त्यामुळे डँड्रफला नवा शब्द घडवू नकोस. तसंच पिटिरियासिस व्हर्सिकलर, तेही याच यीस्टमुळे होतं, पाठीवर नि मानेवर फिकट डाग येतात, त्याला 'शिबं' हा शब्द घराघरात आहे तोच वापर.

>> शिबं घेतेय, आणि मेदावलंबी पक्कं. सीबमला त्वचेवरचं तेल लिहिलं तर?

>>> पहिल्यांदा 'त्वचेतल्या ग्रंथींतून पाझरणारं तेल' असं लिही, मग सीबम, पुढे सगळीकडे सीबमच ठेव.