मदत हवी आहे: पाय सुटणाऱ्या कार्गोची चेन अडकते

चिखलवाट:
गुडघ्याजवळ चेन असलेली कार्गो पँट आहे. पाय काढता येतात, पण परत लावताना चेन अर्ध्यात अडकते. कशीबशी लावली तरी तिथे लाटा येतात. आधी छान चालायची. शनिवारी कॉलेजच्या फेस्टला घालायची आहे. लवकर उपाय सांगा. नवीन घे असं कृपया कोणी सांगू नका.

घाटवाटा:
कापड कसलं, चेन प्लॅस्टिकची की धातूची, राहतोस कुठे, काहीच लिहिलं नाहीस. दातांवर मेणबत्ती घास आणि रनर खालीवर कर. धूळ असेल तर आधी जुन्या टूथब्रशने साफ कर. माझ्या ट्रेकच्या पँटला दर पावसाळ्यानंतर हेच करतो.

चिखलवाट:
मेण लावून झालं, फरक नाही. चेन प्लॅस्टिकची. पुण्यात राहतो. सकाळी बाईकवर गारवा, दुपारी ३२ अंश, संध्याकाळी परतीचा पाऊस कधी येईल नेम नाही. एकाच पँटमध्ये सगळं भागावं म्हणून तर ही घेतली.

मेघमल्ली:
सुती आहे ना? मग बाईकवाल्याच्या कामाची नाही. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि लेक्चर संपेपर्यंत वाळत नाही. पातळ नायलॉनची घे, झटकली की निम्मं पाणी जातं.

कोरडवाहू:
आणि दुपारी सिग्नलला उभं राहिलं की तीच मांडीला चिकटते, त्याचं काय? ऑक्टोबरच्या उन्हात सुतीला पर्याय नाही. पाऊस तासभर, ऊन दिवसभर.

मेघमल्ली:
सैल कट घेतला तर चिकटत नाही. ओल्या सुती पँटने दिवसभर वर्गात बसून मांड्या सोलल्या की कळेल.

थेंबथेंब:
बाह्या सुटणारं जॅकेट घेणाऱ्यांनी खांद्याच्या चेनवर झाकणपट्टी आहे का ते बघावं. साध्या चेनमधून पाणी आत येतंच. पट्टी कौलासारखी वरून खाली पडलेली हवी.

चिखलवाट:
जॅकेटबद्दल विचारलेलं नाही. कापडही बदलायचं नाहीये. चेन लागत नाही, तेवढं सांगा ना.

सुईदोरा:
मी शिलाईकाम करते. दोन गोष्टी सांग. तयार घेतलीस की शिवून? आणि अडकणं पहिल्या धुण्यानंतर सुरू झालं का?

चिखलवाट:
शिवून घेतली ताई, खाकी ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं सुती कापड. हो, धुतल्यावरच सुरू झालं. गरम पाण्यात भिजवली होती.

सुईदोरा:
मग चेनचा दोष नाही. कापड न भिजवता शिवलंय. सुती ट्विल पहिल्या धुण्यात आटतं, चेनची पट्टी पॉलिएस्टरची असते, ती आटत नाही. कापड आखूड, चेन लांब, म्हणून लाटा. लाटेवर रनर तिरका होतो आणि आतलं कापड दातांत ओढतो. मेणाने हे सुटणार नाही.

दोन्ही पायांची चेन उसवून घे. कापडाला दमट इस्त्री करून ते न ताणता चेन पुन्हा लावायला सांग. जास्तीची लांबी पिन आणि डबी असलेल्या टोकाकडून, म्हणजे चेन जोडायला जिथून सुरुवात करतो तिथून, कापू नको, दुसऱ्या टोकाकडून काप आणि तिथे दोऱ्याचे घट्ट टाके घाल, नाहीतर रनर निसटेल. आतल्या शिलाईची कड मागे दुमडून वरून एक टीप मारली की कापड रनरमध्ये जात नाही. चेन वाकडी झाली असेल तर नवी लाव, पण वरचा आणि खालचा भाग एकाच चेनचे हवेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अर्धे भाग बहुतेक वेळा जुळत नाहीत.

घाटवाटा:
डावा-उजवा पायही तपास. उलटे लावले तर असंच होतं. मी आतून लाल आणि निळा टाका घातलाय.

चिखलवाट:
पाय बरोबर आहेत. ताई, शनिवारपर्यंत होईल का? आणि लावतानाच चेन गुडघ्याच्या वर घेता येईल का? बाईकवर बसलं की बोचते.

सुईदोरा:
काम अर्ध्या दिवसाचं आहे, उद्या सकाळीच टेलरकडे जा. चेन वर घ्यायची तर मांडीचं कापड कापावं लागेल आणि खालचा पाय आखूड पडेल. या पँटला ते करू नकोस. आतून मऊ पट्टी लावून घे, बोचणं थांबेल.

कोरडवाहू:
रविवार पेठेत पट्टी आणि चेन दोन्ही मिळेल. पट्टी सुतीच घे.

मेघमल्ली:
पट्टी तरी नायलॉनची घ्या, घाम धरणार नाही.