मदत हवी आहे : डोळ्याचा एमआरआय झोपून, रेडिएशन बसून?

बाबांच्या (वय ६८, गुहागर) डाव्या डोळ्यात कोरॉइडल मेलानोमा (डोळ्याच्या आतल्या थरातली कॅन्सरची गाठ) आहे. प्रोटॉन रेडिएशन खुर्चीत बसवून देणार, प्लॅनिंगचा एमआरआय मात्र उताणं झोपवून. पाठीला बाक असल्याने उताणं झोपलं की हनुवटी वर जाते, पापणी फडफडते. दोनदा चित्र हललेलं आलं. मानेखाली घडी केलेला पंचा, गुडघ्याखाली उशी, खुणेवर नजर, सगळं करून झालं. भूल हृदयामुळे नको म्हणतात. टँटलमच्या क्लिपा (गाठीची जागा कळावी म्हणून डोळ्यावर शिवतात त्या धातूच्या खुणा) अजून शिवलेल्या नाहीत. मुंबईची खेप म्हणजे रात्रभर एसटी, तिसरी फुकट जायला नको. (डोळ्याचे डॉक्टर म्हणतात रेडिएशनवाल्यांना विचारा, ते म्हणतात यांना!)

पाठीखाली उतार देऊन एमआरआय चालतो का? आणि झोपल्या-बसल्यात गाठीची जागा प्लॅन बदलावा लागेल इतकी सरकते का?