उंच रोलर कोस्टरवर पोटात गोळाच आला नाही, छोट्या लाकडी कोस्टरने मात्र उचलून आपटलं, असं का?

ड्रॉपवेडा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात फिरतोय. मला कोस्टरचं वेड लागलं ते आकड्यांमुळेच, कुठलं किती उंच, किती वेगाने पळतं, किती इन्व्हर्जन (डोकं खाली होणारे भाग), सगळं तोंडपाठ. तर हल्लीच एका मोठ्या पार्कमधल्या गिगावर, म्हणजे ९० मीटरच्या वरच्या कोस्टरवर बसलो. पहिला ड्रॉप झकास, तोंडावर वारा, डोळ्यांतून पाणी, पण खाली आल्यावर पुढे नुसतं जोरात वळत वळत संपलं सगळं, पोटात गोळा असा एकदाही आला नाही. आणि त्याच ट्रिपमध्ये दुसऱ्या एका जुन्या पार्कात एक लाकडी कोस्टर होतं, २५ मीटर पण नसेल, बाहेरून बघून वाटलं हे बच्चेकंपनीचं असणार, आणि त्याने मला प्रत्येक टेकडीवर सीटवरून उचलून लॅप बारवर (मांड्यांवरच्या दांड्यावर) आपटलं, उतरलो तेव्हा पाय थरथरत होते आणि लगेच परत रांगेत उभा राहिलो.

मग उंची आणि वेग या आकड्यांना काही अर्थच नाही का? की मी चुकीच्या सीटवर बसलो? गिगावर मधल्या डब्यात होतो, लाकडीवर एकदम शेवटच्या. पुढची मोठी ट्रिप ठरवायची आहे, त्यामुळे कशाच्या मागे लागायचं ते नीट समजून घ्यायचंय.

लिफ्टहिल

फार चांगला प्रश्न विचारलात. उंचीने मिळतो वेग, एवढंच. पोटात गोळा येतो तो टेकडीच्या आकारामुळे. हे दोन हिशोब वेगळे आहेत आणि जाहिरातीत फक्त पहिलाच छापतात.

आता बघा, एखादी वस्तू तिरकी वर फेकली की ती हवेत एक कमान करून खाली येते. रूळ अगदी त्याच कमानीसारखा वाकवला तर त्या वेगाला गाडी आणि तुम्ही दोघंही फेकल्यासारखेच जाता, सीट खालून दाबत नाही, बार वरून दाबत नाही, शून्य जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत जाणवणारा जोर), यालाच आपण फ्लोटर म्हणतो. रूळ त्यापेक्षा लवकर खाली वाकवला तर तुमचं शरीर वर जायला बघतं आणि गाडी खाली ओढली जाते, बार मांड्यांवर येऊन बसतो, तो इजेक्टर. आणि कमान त्यापेक्षा पसरट असली तर मग कितीही वेग असू दे, तुम्ही सीटवर आरामात बसलेले.

गंमत अशी की वेग दुप्पट झाला की तेच शून्य जी मिळवायला माथ्याची त्रिज्या चौपट लागते. ताशी ५४ किमीला साधारण २३ मीटर त्रिज्या पुरते, ताशी १०८ किमीला ९२ मीटर. म्हणून छोट्या कोस्टरमध्ये थोड्या जागेत एकामागोमाग एक टेकड्या बसतात, श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, आणि मोठ्याला एकेक टेकडी करायची तर डोंगराएवढं स्टील उभं करावं लागतं, मग डिझायनर टेकड्या कमी करतात आणि प्रचंड कललेली वळणं घालतात. तुमचं गिगा त्यातलंच दिसतंय.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोमधलं सीडर पॉइंट पार्क. तिथलं मिलेनियम फोर्स २००० सालचं, ९४ मीटर, ताशी १५० किमी, जगातलं पहिलं गिगा. त्याच पार्कात स्टील व्हेंजन्स, २०१८ चं, ६२ मीटर, ताशी ११९ किमी. उंचीत एक तृतीयांश कमी, पण पार्कचाच आकडा आहे २७.२ सेकंद एअरटाइम (सीटवरून उचललं जाण्याचा वेळ, आपण ज्याला हवा म्हणतो), आणि दोन्हीवर बसलेल्या कुणालाही विचारा, सीटवरून जास्त कोण उडवतं. मिलेनियम फोर्स मला आवडतंच, पण ते वेगासाठी, हवेसाठी नाही.

आणि तुम्ही ज्या आकाराचं लाकडी कोस्टर सांगताय त्यावरून मला फिनिक्स आठवलं, पेनसिल्व्हेनियातल्या कनोबेल्समधलं. फक्त २४ मीटर, वेग ताशी ७२ किमीच्या आसपास. १९४७ मध्ये सॅन अँटोनियोत रॉकेट नावाने बांधलेलं, ते पार्क बंद पडल्यावर सुटं करून आणलं आणि १९८५ मध्ये इथे परत उभं केलं. आजही एअरटाइमचं नाव निघालं की जाणती मंडळी त्याचं नाव घेतात. शेवटच्या टप्प्यातल्या छोट्या छोट्या टेकड्या, प्रत्येकीवर बूड सीटवरून उचललं जातं. आकड्यांच्या यादीत ते कुठेच दिसणार नाही.

मागची_सीट

लिफ्टहिलने आकाराचं सांगितलं, मी सीटचं सांगते कारण तुमच्या प्रश्नातला अर्धा फरक तिथेच आहे.

गाडी सगळी एकत्र जोडलेली, त्यामुळे कुठल्याही क्षणी सगळ्या डब्यांचा वेग एकच. पण प्रत्येक डबा माथ्यावर वेगळ्या वेळी येतो ना. साखळीने वर नेणाऱ्या लिफ्टवर पुढचा डबा माथा ओलांडून खाली झुकतो तेव्हा मागचे अजून साखळीवर असतात, म्हणून पुढे बसलेल्याला खाली बघत लटकायला मिळतं. तो शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे सगळे खाली धावत सुटलेले असतात, म्हणजे रुळाची वक्रता तीच, पण वेग बराच जास्त. मग उचलला जाणारच माणूस. पहिला ड्रॉप मागूनच घ्यावा हे मी कुणालाही डोळे झाकून सांगेन.

पुढच्या टेकड्यांवर मात्र गणित वाटून जातं. पुढच्या सीटला चढ संपता संपता हवा मिळते, मागच्या सीटला उतरायला लागल्यावर. मधला डबा माथ्यावर असतो तेव्हा गाडीचा वेग सगळ्यात कमी, आणि तोच डबा तळाला असतो तेव्हा सगळ्यात जास्त. म्हणजे मधे बसलं की उचलणं कमी आणि दाबणं जास्त. तुम्ही गिगावर नेमके तिथे बसलात. पुढच्या वेळी तेच कोस्टर शेवटच्या रांगेतून घ्या, रांग मोठी असली तरी थांबा.

लाकडीवर अजून एक बघायचं, तीन बाकांचा डबा असेल तर मधला बाक घ्या. पुढचा आणि मागचा बाक चाकांवर येतो, तिथे हादरे जास्त बसतात. पाठ दुखणाऱ्या लोकांनी तर हे पाळाच.

लॉन्चवाली

मी जरा दुसऱ्या बाजूने बोलणार आहे, कारण हल्ली उंच कोस्टरला नावं ठेवायची पद्धतच पडलीय आणि ते मला पटत नाही.

मोठ्या टेकडीवर त्रिज्या मोठी लागते हे बरोबर, पण त्याच कारणाने तिथली हवा जास्त वेळ टिकते हे कोण सांगणार? छोट्या टेकडीवर तुम्ही क्षणभर उडता आणि लगेच आपटता. मोठ्या, नीट आकार दिलेल्या टेकडीवर तुम्ही तरंगता, हात आपोआप वर जातात, खाली अख्खं पार्क दिसतं, आजूबाजूचा आवाज बंद झाल्यासारखा वाटतो, ही एक पूर्ण वेगळी मजा आहे. जपानमध्ये नागाशिमातलं स्टील ड्रॅगन २००० घ्या, जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, त्याच्या परतीच्या टेकड्यांवर जे मिळतं ते कुठल्याही २४ मीटरच्या कोस्टरवर मिळणार नाही.

आणि लॉन्च, म्हणजे साखळीने वर न नेता गाडी सपाटीवरूनच एकदम जोरात सोडणं, हा तर वेगळाच विषय. अमेरिकेतलं किंगडा का, १३९ मीटर, साडेतीन सेकंदात ताशी २०६ किमी. लोक म्हणायचे एकच मोठी टेकडी, अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतं, त्यात काय. अहो पण स्टेशनवरून पुढे सरकून थांबल्यावर ती जी शांतता असायची, ब्रेकच्या पट्ट्या खाली जातानाचा आवाज, आणि मग पाठ सीटमध्ये रुतायची, ते कुठल्या साखळीच्या लिफ्टवर मिळतं? कधी गाडी माथा न ओलांडता मागे यायची, रोलबॅक, आणि त्याच पट्ट्या वर येऊन तिला थांबवायच्या, चुंबकी ब्रेक, वीज नसली तरी काम करणारे. रोलबॅक मिळालेल्यांचा मला अजून हेवा वाटतो. २०२४ च्या शेवटी बंद केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोट घडवून पाडलं. तो व्हिडिओ मी पूर्ण बघू शकले नाही.

हायड्रॉलिक लॉन्चची देखभाल कटकटीची असते हे मान्य, दोरखंड, मोठा ड्रम, तेलाचा दाब, कशात ना कशात बिघाड, म्हणून नवीन पार्कं चुंबकी लॉन्च घेतात. पण ती पहिली धडक वेगळीच होती. अबू धाबीतलं फॉर्म्युला रोसा अजून हायड्रॉलिक आहे, ताशी २४० किमी, डोळ्यांना गॉगल लावून बसवतात. ड्रॉपवेडा, तुम्ही वेगाच्या मागे लागलात ते बिलकुल वाया गेलेलं नाही, फक्त वेगाकडून वेगाचीच अपेक्षा ठेवा.

लिफ्टहिल

@लॉन्चवाली, तरंगण्याबद्दल १०० टक्के मान्य, स्टील ड्रॅगनची ती टेकड्यांची रांग म्हणजे मोठ्या उंचीचा योग्य वापर. माझं म्हणणं एवढंच की उंची मिळाल्यावर ती कशावर खर्च केली ते बघावं. आणि उंची अजिबात न मिळालेली कोस्टर बघा, इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कला झाडांच्या शेंड्यांवर काही बांधायला मनाई, म्हणून १९९४ मध्ये नेमेसिस या कोस्टरसाठी खडक फोडून खड्डे केले आणि कोस्टर जमिनीच्या आत नेलं. ताशी ८० किमीच, पण दगडाच्या भिंती पायाजवळून जातात तेव्हा कुणालाही तो आकडा आठवत नाही.

ड्रॉपवेडा

वा, मजा आली वाचून, सगळ्यांचे आभार. म्हणजे मी मधे बसलो तो एक घोळ आणि ते कोस्टर मुळात वळणांचं हा दुसरा. अजून एक विचारतो, त्या गिगावर पहिल्या ड्रॉपनंतरच्या वळणात डोळ्यांसमोर करडं झालं, कडेने अंधार आत येत गेला, दोनेक सेकंदांत परत नीट. हे नॉर्मल आहे का? घाबरलो होतो खरं तर.

मागची_सीट

याला ग्रेआउट म्हणतात, आणि बऱ्याच जणांना होतं. जोराचा पॉझिटिव्ह जी (सीटमध्ये दाबणारा) काही सेकंद टिकला की रक्त पायाकडे ओढलं जातं, डोळ्यांना ते आधी कमी पडतं म्हणून रंग जातात, कडा काळ्या होतात. एका झटक्याने नाही होत, जी टिकून राहिला तर होतं, म्हणूनच लांब वळणात होतं. अमेरिकेतल्या किंग्ज डोमिनियन पार्कमधलं तेव्हाचं इंटिमिडेटर ३०५ (आता नाव बदललंय) यासाठीच गाजलेलं, २०१० मध्ये उघडलं तेव्हा पहिल्या वळणात इतक्या लोकांना व्हायला लागलं की आधी ड्रॉपवर ट्रिम ब्रेक लावून वेग कमी केला आणि मग सीझन संपल्यावर ते वळणच बदलून रुंद केलं.

उपाय म्हणजे भरपूर पाणी पिऊन बसायचं, उपाशीपोटी नाही, आणि ड्रॉपच्या तळाला यायच्या आधीच मांड्या, पोटऱ्या आणि पोट घट्ट आवळायचं, मान सीटला टेकलेली. श्वास पूर्ण कोंडून ठेवू नका, छोटे छोटे घ्या. पण पूर्ण शुद्ध गेली किंवा उतरल्यावरही गरगरत राहिलं तर तो दिवस तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, यात हिरोगिरी नको.

लाकूडप्रेमी

उशीर झाला यायला, पण लाकडाचा विषय निघालाय आणि मी गप्प बसेन हे शक्य नाही.

पहिलं म्हणजे ही हवा मुळात शक्य झाली ती रुळाखालच्या चाकांमुळे. आधीच्या कोस्टरना गाडी रुळाला धरून ठेवणारं खालून काही नव्हतं, नुसती वर चाकं आणि बाजूला आधार, त्यामुळे जोरात टेकडी घेतली तर गाडीच उडेल, म्हणून सगळं हळू. तसलं १९०२ चं लीप द डिप्स पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनामध्ये अजून उभं आहे. डिझायनर जॉन मिलरने खालच्या चाकाचं पेटंट १९१९ मध्ये घेतलं आणि तिथून पुढे डिझायनरला टेकडी हवी तेवढी टोकदार करायची मोकळीक मिळाली, १९२७ चं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं सायक्लोन त्याच काळातलं. माझ्या दृष्टीने कोस्टरच्या इतिहासात याच्याएवढं महत्त्वाचं दुसरं काही नाही, लूपसुद्धा नाही.

लूपचं पण याच धाग्यातलं आहे म्हणून सांगतो. १८९५ चं फ्लिप फ्लॅप रेल्वे पूर्ण गोल लूपचं होतं, आणि गोल लूपमध्ये माथा आणि तळ यांच्यात ६ जीचा फरक पडतोच, मोठा करा नाहीतर छोटा, लोकांच्या माना दुखायच्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कच्या रेव्होल्यूशनमध्ये श्वार्झकॉफ आणि स्टेंगेल या जर्मन डिझायनरांनी खाली पसरट, वर आवळलेला थेंबासारखा लूप केला आणि प्रश्न सुटला. परत तेच, आकार.

आता तुमच्या ट्रिपसाठी कामाचं. लाकडी कोस्टर सकाळी पहिल्या फेरीला बघून मत बनवू नका. थंडीत ग्रीस घट्ट असतं, गाडी आळसावलेली असते. दिवसभर पळून, उन्हात तापून संध्याकाळी तीच गाडी वेगळीच पळते, टेकड्या त्याच पण वेग थोडा जास्त, आणि वर लिफ्टहिलने सांगितलंच की थोड्या जास्त वेगाने फ्लोटरचा इजेक्टर होतो. त्यात रात्र असेल तर अजून भारी. ओहायोतल्याच किंग्ज आयलंड पार्कचं द बीस्ट, १९७९ चं, २.२ किमी लांब, जगातलं सगळ्यात लांब लाकडी, दिवसा ठीकठाक वाटतं, रात्री त्या जंगलात समोर काहीच दिसत नाही आणि शेवटचं मोठं गोल वळण येतं तेव्हा लोक खरंच किंचाळतात.

आणि जुनं लाकडी हादरे द्यायला लागलं की आता त्यावर स्टीलचा रूळ बसवून नवीन करतात, २०११ च्या न्यू टेक्सस जायंटपासून ही लाट आली. तुम्हाला लोकांनी स्टील व्हेंजन्स सांगितलंय ते पण १९९१ च्या मीन स्ट्रीकच्या लाकडावरच उभं आहे. मला प्रत्येक वेळी जुनं गेल्याचं वाईट वाटतं, पण मीन स्ट्रीकबद्दल कुणी रडलेलं मी पाहिलं नाही, आणि नवीन कोस्टर त्या टेकड्यांचं जे करतं ते बसल्याशिवाय कळणार नाही.

ड्रॉपवेडा

ठरलं मग, सीडर पॉइंट. स्टील व्हेंजन्स संध्याकाळी आणि शेवटच्या रांगेत, मिलेनियम फोर्सही सोडणार नाही. आणि जमलं तर परतताना कनोबेल्स. फिनिक्सवर पण शेवटचाच डबा ना?

लिफ्टहिल

आधी शेवटचा, मग पहिला. तिथे बार सैल असतो आणि दोघांना मिळून एकच, त्यामुळे शेजारी कोण बसतंय ते बघून घ्या, बारीक असाल आणि शेजारचा जाडजूड असेल तर तुमच्या मांडीवर बरीच मोकळी जागा राहते. सीटवरून उठायला मिळतं ते त्यामुळेच, पण बार दोन्ही हातांनी धरा आणि पाय खाली टेकलेले ठेवा.