जुलै-ऑगस्टमध्ये जपान : गिओन की नेबुता?

ठाणेकर_फिरस्ता
पुढच्या वर्षी २० जुलै ते ५ ऑगस्टच्या दरम्यान जपान ठरतंय. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीचे. आईचे गुडघे कुरकुरतात. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. एखादा पारंपरिक उत्सव निवांत बघायचाय. क्योतोचा गिओन की आओमोरीचा नेबुता? जाणकारांनी सांगावं.

कान्साईकर
गिओन, प्रश्नच नाही. रोगराई आवरावी म्हणून ८६९ साली सुरू झालेला उत्सव. चालतो अख्खा जुलै, पण रथांच्या मिरवणुका दोनच : १७ ला थोरली, २४ ला धाकटी. सगळी गर्दी १७ ला लोटते. तुमच्या तारखांत २४ च बसते, आणि ते बरंच आहे. आदल्या संध्याकाळी खाण्याच्या टपऱ्या लागत नाहीत, त्यामुळे गल्लीगल्लीत कंदील लावून उभे केलेले रथ धक्के न खाता बघता येतात.

मिरवणुकीत कावारामाची-ओइकेचा चौक गाठा. रथाची चाकं वळत नाहीत. मग चाकांखाली बांबूच्या पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी ओततात आणि माणसं दोर धरून रथ आडवा खेचतात. एका दमात काम होत नाही. थोडा सरकला की पुन्हा पट्ट्या, पुन्हा पाणी. मोठे रथ दहा-बारा टनांचे. ओइके रस्त्यावर पैसे भरून खुर्च्या मिळतात, आईंसाठी त्याच घ्या.

उत्तरायण
असहमत. जुलैतलं क्योतो म्हणजे नुसता घाम! ज्येष्ठांना सकाळी साडेनऊपासून उन्हात बसवणार? नेबुता २ ते ७ ऑगस्ट, आणि शेवटचा दिवस सोडला तर मिरवणूक अंधार पडताना निघते. आतून उजळलेले कागदी योद्धे, काही तर नऊ मीटर रुंद. आणि तुम्हालाही नाचता येतं! हानेतोचा, म्हणजे मिरवणुकीत नाचणाऱ्यांचा, पोशाख भाड्याने घ्या, घुसा, ‘रास्सेरा’ ओरडत उड्या मारा. विसर्जनाला नाचता तसंच. पोशाखाची घुंगरं रस्त्यात गळतात. सापडलं तर शकुन मानतात.

मेख राहण्याची. आओमोरीतली हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात. नाही मिळालं तर जवळच्या हिरोसाकी शहरात राहा, तिथेही त्याच आठवड्यात नेपुता नावाचा असाच उत्सव असतो. तोक्योहून आओमोरीला हायाबुसा बुलेट ट्रेनने तीन-साडेतीन तास. सगळ्या सीट आरक्षित, आयत्या वेळी डब्यात शिरू म्हणाल तर जमणार नाही.

डब्बा_सोबत
खाण्याचं कुणीच बोललं नाही! टपरीवरच्या याकिसोबात (परतलेल्या नूडल्स) बहुतेक डुकराचं मांस, ओकोनोमियाकीवर (कोबीचं जाड धिरडं) सुक्या माशाचा कीस, साध्या नूडल्सच्या रश्शातही मासा. भाजलेलं कणीस, डांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे), बर्फाचा गोळा यांवर संध्याकाळ निघते. पण बाबांचं पोट भरायला दशम्या ठेवाच.

ठाणेकर_फिरस्ता
सगळ्यांचे आभार. २४ ला क्योतो, मग २ आणि ३ ला आओमोरी, असं दोन्ही बसतंय. नेबुतालाही खुर्च्या मिळतात का?

उत्तरायण
मिळतात, पैसे भरून. आधी हॉटेल पक्कं करा, खुर्च्यांचं नंतर बघू.