दिवसा बसणारा फोरहँड रात्री कुठे जातो?

सकाळचा_भिडू:
दोन वर्षं सकाळी नऊला टेनिस खेळत होतो. कामाची वेळ बदलली, म्हणून महिनाभर रात्री साडेआठला, दिव्यांखाली. रॅकेट तीच, जोडीदार तोच. पण दिवसा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, हातभर आत पडणारा माझा फोरहँडचा फटका आता मधल्या सर्व्हिस लाइनच्या जरासा पुढे पडतो आणि तिथेच बसतो. समोरच्याला आयता! लॉब (डोक्यावरून उंच मारलेला चेंडू) वर गेला की दिव्यात गडप. परवा स्मॅश मारायला गेलो, चेंडू आपटला माझ्याच खांद्यावर. जोडीदार हसून हसून खाली बसला. वय झालं म्हणायचं का? (डोळे तपासून आलोय, नंबर तोच आहे.)

बेसलाइनवाले_काका:
वय कुठे आणता मध्येच? चेंडू गार पडतो हो. उन्हात चेंडूचं रबर आणि आतली हवा तापते, म्हणून टप्पा उंच उसळतो. बाहेरची हवाही विरळ, त्यामुळे चेंडू पळतो. रात्री सगळं उलटं. त्यात दव असलं तर वरची लव ओल धरते. चार गेमनंतर चेंडू हातात घेऊन बघा, जड लागेल.

फ्रेंच ओपनमध्ये नदालला रात्रीची मॅच नकोशी वाटायची ती यामुळेच. दिवसा त्याचा टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरकी दिलेला चेंडू, समोरच्याच्या खांद्यापर्यंत चढायचा, रात्री तेवढा चढेना. तरी २०२२ मध्ये जोकोविचला त्याने हरवलं ते रात्रीच, एक वाजून गेल्यावर. तेव्हा रडगाणं पुरे! गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, दोन पाउंड सैल करा आणि चेंडू जाळ्यावरून हातभर जास्त उंच काढा.

डावखुरी:
काकांचं गटिंगचं पटलं, पण दिवस म्हणजे स्वर्ग नाही हं. एका बाजूने सर्व्ह करताना टॉस बरोबर सूर्यात जातो, पुढचे दोन शॉट नुसते हिरवे-जांभळे ठिपके. आणि उन्हं कलली की अर्धं कोर्ट सावलीत. चेंडू उजेडातून सावलीत शिरला की क्षणभर दिसतच नाही. दिवे निदान जागचे हलत नाहीत. कुठल्या कोपऱ्यातून डोळ्यांवर येतात ते दोन दिवसांत पाठ होतं. लॉब आला की अंग आडवं वळवा, मोकळा हात वर करून त्याने दिवा झाका. तरीही दिसला नाही तर टप्पा पडू द्या, मग मारा. त्यात कसली लाज?

सकाळचा_भिडू:
५४ चं गटिंग ५२ करून घेतलं. पहिले दोन गेम चेंडू सरळ मागच्या जाळीवर, मग हात बसला. फोरहँड पुन्हा खोल पडायला लागलाय, अगदी दिवसासारखा नाही, पण जोडीदार मागे सरकून उभा राहतो आता. काल एक लॉब आला. डावा हात वर केला, दिवा झाकला, टप्पा पडू दिला आणि दणकून मारला. बाहेर गेला, पण खांदा शाबूत आहे.