अंड्याचा स्पंज केक मधोमध बसतो, तळाला चामट थर राहतो

ओवी_२८

नमस्कार मंडळी. बेकिंग पावडर न घालता, नुसती अंडी फेटून केलेला व्हॅनिला स्पंज नीट येत नाहीये. प्रमाण असं: ३ अंडी, पाऊण कप साखर, १ कप मैदा, पाव कप वितळवलेलं बटर, १ छोटा चमचा व्हॅनिला. भांडं ७ इंची गोल, ॲल्युमिनियमचं, आतून सगळीकडे बटर लावून मैदा भुरभुरवलेलं. ओटीजी २८ लिटरचा, १८० अंशांवर १० मिनिटं प्रीहीट, दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या खाचेत.

केक आधी छान फुगतो. १८-२० मिनिटांत वरून गडद तपकिरी होतो, म्हणून दार उघडून टूथपिक घालते. ती कोरडी येते. बाहेर काढला की पाच मिनिटांत मध्यभाग खाली बसतो. कापल्यावर वरची जाळी बरी दिसते, पण तळाला बोटभर पिवळट, चामट थर असतो. थोडा अंड्याचा वासही येतो. बेकिंग पावडर घातली की हे सुटेल, की फेटण्यातच गडबड आहे? क्रीम लावून तीन थरांचा केक करायचाय, त्यामुळे स्पंज सपाट यायला हवा.

तराजू

ओवी, बेकिंग पावडर नको. या केकला फुगवते ती अंड्यात कोंडलेली हवा, आणि तुमच्या कृतीत ती तीन ठिकाणी निसटतेय. पण त्याआधी प्रमाण.

आपल्याकडचं अंडं सालीसकट ५०-५५ ग्रॅम भरतं, आतला ऐवज ४५-४८ ग्रॅम. म्हणजे ३ अंड्यांचे साधारण १४० ग्रॅम. परदेशी कृतींतलं 'लार्ज' अंडं यापेक्षा मोठं असतं, ब्रिटनमधलं तर सालीसकट ६३ ग्रॅमपासून पुढे. त्यामुळे अंडी मोजू नका, फोडून वजन करा. मैद्याचंही तेच. कप पिशवीत खुपसून भरला तर १४०-१५० ग्रॅम मैदा येतो, चमच्याने हलकेच भरला तर १२०-१२५. तुमच्या ३ अंड्यांना यातलं काहीच झेपणार नाही.

७ इंची भांड्यासाठी हे घ्या:
अंड्यांचा ऐवज १४०-१४५ ग्रॅम
बारीक साखर ९० ग्रॅम
मैदा ७५ ग्रॅम + कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम
बिनमिठाचं बटर २५ ग्रॅम
दूध १ मोठा चमचा (१५ मिली)
व्हॅनिला १ छोटा चमचा, लिंबाची किसलेली साल पाव चमचा, चिमूटभर मीठ

पाऊण कप साखर म्हणजे १५० ग्रॅम, जवळपास पावणेदोनपट. साखर जास्त झाली की अंडं आणि मैद्यातला स्टार्च उशिरा घट्ट होतात. वरचा भाग लालबुंद होतो, आतलं अजून मऊच असतं, आणि भट्टीबाहेर येताच ते खाली बसतं. मध्यभाग बसण्याचं आणि २० मिनिटांत गडद रंग येण्याचं एक मोठं कारण हेच.

बाजारातली दाणेदार साखर मिक्सरला दोन-तीन झटके देऊन रव्याइतकी बारीक करा. पार पीठ नको.

आता फेटणं. फ्रिजमधली गार अंडी नीट फुगत नाहीत. अंडी आणि साखर एका वाडग्यात घ्या, वाडगं गरम पाण्याच्या पातेल्यावर धरा (तळ पाण्याला टेकू देऊ नका) आणि हाताने सतत ढवळत मिश्रण ४० अंशांपर्यंत न्या. बोट बुडवलं तर कोमट लागतं, साखर चरचरत नाही. खाली उतरवून इलेक्ट्रिक बीटरने जलद गतीवर ६-७ मिनिटं फेटा. बीटर उचलून पडणाऱ्या धारेने पृष्ठभागावर मराठी ४ काढा. तो ६-८ सेकंद पुसला गेला नाही तर झालं. लगेच बुडाला तर आणखी फेटा. मग सगळ्यात कमी गतीवर २ मिनिटं, बीटर जागेवरच ठेवून वाडगं हळूहळू फिरवत. याने मोठे बुडबुडे फुटतात आणि जाळी बारीक, एकसारखी येते. ही दोन मिनिटं बहुतेक जण गाळतात.

मैदा आणि कॉर्नफ्लोअर आधीच दोनदा चाळून ठेवा आणि तीन वेळा चाळणीतूनच घाला. स्पॅच्युला वाडग्याच्या मधून तळापर्यंत नेऊन कडेने वर आणा, दुसऱ्या हाताने वाडगं फिरवा. मैदा जड असतो, तळाशी जाऊन बसतो, म्हणून तळ खरवडून यायलाच हवा. कोरडा मैदा दिसेनासा झाल्यावरही १५-२० वेळा असंच पलटा. भीतीने अर्धवट सोडलं तर गाठी राहतात.

आता तुमचा चामट थर. वितळलेलं बटर थेट फेसावर ओतलं की ते हवा फोडत सरळ तळाशी जातं, वाटेत मैदा घेऊन. तुमच्याकडे ते ५०-५५ ग्रॅम आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. बटर आणि दूध एकत्र गरम करा, ५०-६० अंश असावं, गार बटर घट्ट होऊन बुडतं. त्यात आधी दोन मोठे चमचे केकचं मिश्रण घालून चांगलं कालवा आणि मग ते वाडग्यात कडेने सोडून १०-१२ वेळा पलटा.

शेवटी एक तपासणी. १०० मिली मापाची वाटी वजनकाट्यावर शून्य करा, मिश्रणाने काठोकाठ भरा, आपटू नका. ४५ ते ५० ग्रॅम भरलं तर हवा टिकली आहे. ६० च्या पुढे गेलं तर फेटणं कमी पडलंय किंवा पलटणं जास्त झालंय, आणि तो केक भट्टीत जाण्याआधीच बसका ठरलेला असतो. डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवा.

अंड्याचा वास बहुतेक त्या कच्चट थरातूनच येतोय. पूर्ण भाजला गेला की कमी होईल. उरलेलं काम लिंबाची साल करते.

खालचा_रॉड

वरचं सगळं बरोबर. मी भट्टीपुरतं लिहितो.

१० मिनिटं प्रीहीट कमी आहे. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा एकदा त्या तापमानाला पोचली एवढंच. भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात. १५-२० मिनिटं द्या. ओटीजीचा काटा १०-२० अंशांनी इकडेतिकडे असणं फार सामान्य आहे. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घ्या, नाहीतर कृतीतल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

या स्पंजला १७० अंश, दोन्ही रॉड, २५ ते २८ मिनिटं. जाळी एक खाच खाली घ्या. भांड्याचा तळ नाही, फुगलेल्या केकचा माथा भट्टीच्या मध्यावर यायला हवा. २८ लिटरच्या ओटीजीत मधल्या खाचेत ७ इंची भांडं ठेवलं की माथा वरच्या रॉडच्या जवळ जातो आणि रंग लवकर चढतो. पंखा असेल आणि चालू ठेवणार असाल तर १५५.

पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. केक फुगलेला असतो तो गरम हवेच्या जोरावर, भिंती अजून ओल्या असतात. गार हवा आत आली की आतला वायू आकसतो आणि मधला भाग परत वर येत नाही. २० मिनिटांनंतर रंग फार वाटला तर पटकन फॉइल झाका, चमकदार बाजू वर.

टूथपिकवर या केकसाठी भिस्त ठेवू नका. मिश्रण इतकं हलकं असतं की पुरतं शिजण्याआधीच ती कोरडी निघते. बोटाने मध्यभाग हलका दाबा: खळगा लगेच भरून आला, कड भांड्यापासून जराशी सुटू लागली आणि कान जवळ नेल्यावर बारीक चरचर जवळपास थांबलेली असली, की काढा. मध्ये बोट दाबल्यावर ओला स्पंज दाबल्यासारखा आवाज आला तर आणखी ३ मिनिटं.

काढल्याबरोबर भांडं १५ सेंटिमीटर उंचीवरून जाड फडक्यावर एकदा सपाट आपटा. आतली वाफ बाहेर जाते आणि केक आकसत नाही. लगेच जाळीवर उलटा करून १० मिनिटं ठेवा. माथा सपाट होतो, तुम्हाला तेच हवंय.

आणि भांड्याच्या कडांना बटर-मैदा लावू नका. फक्त तळाला बटर पेपर. फेस कडेला धरून वर चढतो. तुपकट कडेवरून तो घसरतो. नंतर पातळ सुरी फिरवून सोडवायचा.

ओवी_२८

तराजू, खालचा_रॉड, मनापासून आभार. दोन शंका. भांडं ६ इंचीच असेल तर? आणि हातातला साधा व्हिस्क वापरून हे जमेल का?

तराजू

६ इंचीला २ अंडी (९५ ग्रॅम), साखर ६० ग्रॅम, मैदा ५० आणि कॉर्नफ्लोअर ६, बटर १७, दूध २ छोटे चमचे. वेळ २२-२५ मिनिटं. ८ इंचीला ४ अंडी, साखर १२०, मैदा १०० आणि कॉर्नफ्लोअर १३, बटर ३५, दूध ४ छोटे चमचे. वेळ ३० मिनिटांपर्यंत. ३ अंड्यांचं मिश्रण ६ इंचीत कोंबू नका: उंच भांड्यात मध्यभाग शिजेपर्यंत कडा कोरड्या पडतात.

हाताच्या व्हिस्कने अख्खी अंडी त्या टप्प्याला आणणं फार कष्टाचं. त्याऐवजी पांढरं आणि पिवळं वेगळं करा. पांढरं निम्म्या साखरेबरोबर फेटा, व्हिस्क उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं पाहिजे. पिवळं उरलेल्या साखरेबरोबर फिकट होईपर्यंत. मग पिवळ्यात मैदा आणि पांढरं आलटून पालटून. पांढऱ्याच्या वाडग्याला तुपाचा किंवा पिवळ्याचा थेंबही लागलेला चालत नाही.

मृदगंध

धागा वाचतेय. आमच्याकडे अंडं चालत नाही. हेच प्रमाण अंड्याऐवजी दही घालून करता येईल का?

शुद्धशाकाहारी_बेकर

मृदगंध, हेच प्रमाण नाही. दही हवा धरत नाही, त्यामुळे तिथे फुगवण्याचं काम सोडा आणि बेकिंग पावडरच करतात. सगळं गणितच वेगळं.

८ इंची भांड्यासाठी: मैदा १९० ग्रॅम, ताजं, फार आंबट नसलेलं दही २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, वास नसलेलं तेल १०० मिली, बेकिंग सोडा अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा. चमचा मापाचा, ५ मिलीचा, सपाट करून. शीग लावून नाही. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते, रंग पिवळा-तपकिरी होतो आणि केक भराभर फुगून मधोमध कोसळतो.

दही-साखर विरघळेपर्यंत घोटा, तेल आणि व्हॅनिला घाला. मैदा, सोडा, पावडर एकत्र चाळून दोन वेळा घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. अंड्याच्या स्पंजमध्ये वर तराजूंनी आणखी पलटायला सांगितलंय ते इथे करू नका. या पातळ पिठात जास्त घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कापल्यावर उभ्या नळ्यांसारखी भोकं दिसतात. दही आणि सोडा भेटल्या क्षणापासून वायू सुटायला लागतो, म्हणून भट्टी आधीच तापलेली हवी, मिश्रण पाच मिनिटांत आत. १८० अंश, ३०-३५ मिनिटं. इथे टूथपिक चालते. या केकला कडेला तेल-मैदा लावा, उलटा ठेवायची गरज नाही.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर ओल धरून निकामी होते. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर नवी आणा. सोड्यासाठी पाण्याऐवजी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

ओटीजी नसेल तर जुना जाड कुकर किंवा कढई: तळाला दीड कप मीठ, वर स्टँड, शिटी आणि रिंग काढून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग भांडं ठेवून मंद आचेवर ४०-४५ मिनिटं. पाणी अजिबात घालायचं नाही. माथा पांढुरका राहील, क्रीम लावणार असाल तर काही बिघडत नाही.

खालचा_रॉड

ओवी, तीन थर कापायचे असतील तर त्याच दिवशी कापू नका. पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, चुरा कमी पडतो. बाहेरून चारी बाजूंनी समान उंचीवर टूथपिक खोचा आणि लांब दातेरी सुरी त्यांच्यावर टेकवून केक फिरवत कापा. सुरी दाबायची नाही, पुढेमागे सरकवायची.

हा स्पंज मुळातच जरा कोरडा असतो, साखरपाणी लावावंच लागतं. ४० ग्रॅम साखर ८० मिली पाण्यात एक उकळी येईपर्यंत, गार करून ब्रशने. ७ इंचीच्या तीन थरांना मिळून ७०-८० मिली पुरतं. सगळ्यात खालच्या थराला कमी लावा, वजन त्याच्यावर येतं.